दाढीनंतर विच हेझल: कोणती बाटली, किती, आणि कोणत्या क्रमानं

दाढी करताना ब्लेड केसांसोबत त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थराचा पातळ पापुद्राही खरवडून नेतं. त्यात दाढीच्या साबणाचा फेस अल्कधर्मी, पीएच ९ ते १० च्या घरातला. त्वचेचा स्वतःचा पीएच मात्र ५ च्या आसपास. घरात बोअरचं पाणी येत असेल तर आणखी एक भर पडते. पाण्यातले क्षार साबणाशी मिळून पाण्यात न विरघळणारा चिकट थर तयार करतात आणि तो जबड्याखाली, कानाजवळ बसून राहतो. तोंड धुतल्यावरही गाल ताणल्यासारखे वाटतात ते यामुळे.

इथे विच हेझल, म्हणजे त्याच नावाच्या झुडपाच्या सालीचा आणि काटक्यांचा अर्क, कामाला येतं. राहिलेला साबण ते उचलतं, किंचित आम्लधर्मी असल्यामुळे त्वचेला तिच्या मूळ पातळीकडे थोडं सरकवतं, आणि दाढीनंतरची लाली व आग सौम्यपणे उतरवतं. त्वचेला ओलावा देणं हे त्याचं काम नाही. बोथट ब्लेडनं आणि घाईत केलेली दाढी त्यानं सुधारत नाही. नवीन माणसाची निराशा होते ती बहुतेक या दोन अपेक्षांपायी, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

झाड आणि त्याचा अर्क

विच हेझल, शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना, हे अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व भागात वाढणारं मोठं झुडूप. पानं गळायला लागतात त्या शरद ऋतूत याला पिवळी, रिबिनीच्या तुकड्यांसारखी फुलं येतात. नावातल्या ‘विच’चा चेटकिणीशी संबंध नाही, लवचिक, वाकणाऱ्या फांदीसाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आलं आहे. तिथले मूळ रहिवासी सूज आणि जखमांवर याच्या सालीचा आणि काटक्यांचा काढा वापरत. न्यूयॉर्क राज्यातल्या थेरॉन पॉन्ड यांनी १८४६ मध्ये याचाच अर्क विकायला काढला. आपल्या घरांत पावडर आणि क्रीममुळे ओळखीचं झालेलं पॉन्ड्स हे नाव मुळात या अर्काचं. पुढे १८६६ मध्ये थॉमस डिकिन्सन यांनी कनेटिकटमध्ये ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे वाफेवर अर्क काढण्याचा कारखाना टाकला, आणि विच हेझल म्हटलं की आजही त्याच राज्याचं नाव निघतं. हिवाळ्यात झुडूप सुप्त असताना काटक्या तोडायच्या, त्यांचा चुरा करायचा आणि वाफेवर अर्क काढायचा, ही पद्धत अजून तीच आहे.

तुरटपणा नक्की कशाचा

बाटली निवडताना पुढे हाच मुद्दा उपयोगी पडणार आहे, म्हणून थोडं थांबून समजून घ्या. हिरडा चावला किंवा कच्चं केळं खाल्लं की जीभ आखडते. त्यातलं टॅनिन जिभेवरच्या प्रथिनांना बांधून घेतं म्हणून तसं होतं. त्वचेवरही टॅनिन तेच करतं: वरचा थर किंचित आवळतो, बारीक झिरपणं थांबतं. विच हेझलच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, आणि साल किंवा काटक्या भिजवून, उकळून काढलेल्या अर्कात ते उतरतं.

वाफेवर काढलेल्या अर्कात मात्र ते जवळजवळ येत नाही. गुलाबपाणी काढताना गुलाबाचा वास येतो पण रंग भांड्यातच राहतो, तसंच इथे. उडून जाणारे सुगंधी घटक वाफेबरोबर जातात, टॅनिन मागे राहतं. मग अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत मिळणारं पाण्यासारखं स्वच्छ विच हेझल चेहऱ्याला आवळतं कसं? मुख्यतः त्यात घातलेल्या १४ टक्के मद्यार्कामुळे. थोडक्यात, ‘विच हेझल’ या एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्या चेहऱ्यावर वेगवेगळ्या वागतात.

बाटली निवडताना

अमेरिकेत सगळ्यांत स्वस्त आणि सहज मिळणारी बाटली प्रथमोपचाराच्या फडताळावर असते. तिच्या मागच्या चौकटीत विच हेझल ८६ टक्के आणि अल्कोहोल १४ टक्के असं छापलेलं असतं. वास झाडपाल्याचा, थोडा उग्र, रंग नाही. तेलकट त्वचा, दमट हवा आणि दाट दाढी असणाऱ्यांना ही चालते. कोरड्या त्वचेच्या माणसानं रोज वापरली तर आठवड्याभरात नाकाच्या बाजूला कोंडा सुटल्यासारखी साल निघायला लागते.

दुसरा प्रकार अल्कोहोल नसलेला टोनर. यातलं सर्वांत माहीत असलेलं नाव थेअर्स. त्यात भिजवून काढलेला अर्क, कोरफड आणि ग्लिसरीन असतं, त्यामुळे झोंबत नाही आणि चेहरा कोरडा पडत नाही. गुलाब, काकडी, लव्हेंडर असे सुगंधी प्रकार आहेत, पण नव्या माणसानं बिनसुगंधी घ्यावा. ताज्या दाढीच्या चेहऱ्यावर खाज उठली तर विच हेझलपेक्षा सुगंधी द्रव्यावर संशय घेण्याला जास्त जागा असते. बहुतेक नवशिक्यांनी याच प्रकारापासून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

भारतात ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक टोनरवर समोर मोठ्या अक्षरांत विच हेझल लिहिलेलं असतं. अशी बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. हॅमामेलिस पहिल्या तीन-चार नावांत असेल तर घ्या. सुगंध आणि परिरक्षक यांच्याही नंतर शेपटाला लटकत असेल तर तुम्ही साध्या टोनरचे पैसे देताय. ‘अल्कोहोल डिनॅट’ हा शब्द वरच्या दोन-तीन नावांत दिसला तर ते मद्यार्काचं द्रावण समजा. ‘सिटाइल अल्कोहोल’ किंवा ‘सिटिअराइल अल्कोहोल’ ही नावं दिसली तर घाबरू नका, ते मेणासारखे मऊपणा देणारे पदार्थ आहेत.

महाराष्ट्रातल्या माणसाची गफलत होते ती होमिओपॅथीच्या दुकानात. तिथे ‘हॅमामेलिस व्हर्जिनिका’ हमखास मिळतं, पण ते मदर टिंक्चर असतं, मूळव्याध आणि रक्तस्रावाच्या तक्रारींसाठी पोटात घेण्याचं औषध. त्यात मद्यार्काचं प्रमाण टोनरच्या कितीतरी पट असतं आणि रंग गडद तपकिरी. ताज्या दाढीवर ते सरळ लावलं तर चांगलीच आग होते, टॉवेलवर डाग पडतात ते वेगळे. त्यात पाणी घालून घरी टोनर करण्याच्या फंदातही पडू नका. मद्यार्क पातळ झाला की टिकण्याची हमी गेली. योग्य बाटली मिळत नसेल तर तुरटी आणि साधं मॉइश्चरायझर यांवर भागतं. त्यासाठी चुकीची बाटली वापरायची गरज नाही.

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगणार असाल तर एक व्यावहारिक गोष्ट: तिथली नेहमीची बाटली ४७३ मिलिलिटरची असते. ती हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या बॅगेतच टाकावी लागते. झाकणाला चिकटपट्टी लावून दुहेरी पिशवीत बांधायला सांगा.

चेहऱ्यावर लावण्याआधी

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा लावा. निदान ४८ तास बघा. त्वचा नाजूक असेल किंवा पूर्वी कशाची ॲलर्जी झाली असेल तर पूर्ण ७ दिवस. लाल चट्टा, खाज, बारीक पुरळ यांतलं काही आलं तर ही बाटली तुमच्यासाठी नाही.

हाताची चाचणी निभावली की पहिल्या चार दाढ्यांना फक्त उजव्या गालावर आणि मानेच्या उजव्या अर्ध्या भागावर लावा. डावी बाजू नेहमीसारखी ठेवा. दोन्ही बाजूंना दाढी सारखीच, ब्लेड तेच, पाणी तेच. त्यामुळे फरक पडतो की नाही हे चौथ्या दिवशी आरशातच दिसतं. ही पद्धत फार कमी लोक वापरतात. त्यामुळे वर्षानुवर्षं बाटल्या संपवूनही ‘उपयोग होतो का’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

प्रत्यक्ष क्रम

शेवटचा हात फिरवून झाला की आधी कोमट पाण्याच्या सात-आठ ओंजळी. साबण अडकतो तो कानाच्या पाळीखाली, नाकाखाली आणि जबड्याच्या कडेला, तिथे बोटांनी चाचपून धुवा. बोटं घसरत असतील तर साबण अजून आहे. मग १५ ते २० सेकंद गार पाणी. बर्फाची गरज नाही, नळाचं पाणी पुरे.

तुरटी वापरत असाल तर तिची जागा इथे. खडी ओली करून चेहऱ्यावर हलक्या हातानं एकदा फिरवा, ३० सेकंद थांबा, धुऊन टाका. तुरटी कुठे झोंबली याकडे लक्ष द्या, कारण जिथे झोंबली तिथे हात जड पडलेला असतो. दाढी सुधारण्यासाठी इतका प्रामाणिक शिक्षक दुसरा नाही. मात्र तुरटी आणि मद्यार्काचं विच हेझल दोन्ही रोज लावलं तर बहुतेकांची त्वचा कोरडी पडते. तुरटी हवी असेल तर विच हेझल अल्कोहोल नसलेलं घ्या.

ब्लेड लागून रक्त येत असेल तर ते आधी थांबवा. त्या ठिकाणी तुरटीचं टोक दाबून धरा. विच हेझलनं बारीक टिपका थांबेल, वाहतं रक्त थांबणार नाही.

आता स्वच्छ पंचा किंवा टॉवेल चेहऱ्यावर ठेवून पाणी टिपा. घासू नका, आणि पूर्ण कोरडंही करू नका. त्वचा किंचित ओलसर असताना विच हेझल सारखं पसरतं आणि कमी लागतं.

तळहातावर अर्धा चहाचा चमचा, म्हणजे २ ते ३ मिलिलिटर घ्या. दोन्ही तळहात एकमेकांवर टेकवून आधी मानेवर, मग जबड्यावर, शेवटी गाल आणि ओठांच्या वर दाबत जा. मान पहिली, कारण सगळ्यांत जास्त आग तिथे होते आणि हातातला बराचसा द्रव गालांवर संपतो. थोबाडीत मारल्यासारखं थापटायचं नाही. डोळ्यांपासून दोन बोटं लांब राहा.

कापूस वापरला तरी चालतो, पण अर्धा द्रव तोच पितो आणि त्याचे धागे खुंटांत अडकतात. आठवड्यातून एकदा मात्र मुद्दाम कापूस फिरवून बघा. त्यावर पांढरट, चिकट थर आला तर धुण्यात कसूर आहे. तेव्हा विच हेझल वाढवू नका, पाण्याच्या ओंजळी वाढवा. फवाऱ्याची बाटली सोयीची असते. डोळे मिटून पाच-सहा फवारे पुरतात.

या मापानं ४७३ मिलिलिटरची बाटली रोज वापरूनही सहा महिने जाते. दीड महिन्यात संपत असेल तर तुम्ही तिप्पट-चौपट ओतताय.

लावल्यावर ३० ते ६० सेकंद थांबा. चेहरा ओला दिसायचा थांबला, पण बोटाला अजून गारवा लागतो, तो क्षण मॉइश्चरायझरचा. चेहऱ्याला एक वाटाणा, मानेला एक वाटाणा. ही पायरी गाळली तर आधीचं सगळं उलटतं: विच हेझल उडून जाताना त्वचेतलं थोडं पाणीही सुटतं आणि ते धरून ठेवायला वर काहीच राहत नाही. दिवसा बाहेर पडणार असाल तर मॉइश्चरायझर मुरल्यावर एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन लावा. पापुद्रा निघालेल्या त्वचेला ऊन लवकर लागतं, आणि आपल्याकडच्या त्वचेवर त्याचे काळे डाग मागे राहतात.

मद्यार्काचं, झणझणीत वासाचं आफ्टरशेव्ह आवडत असेल तर ते विच हेझलच्या ऐवजी लावा, त्यावर लावू नका.

बिघडतं कुठे

लावल्यावर पाच-दहा सेकंद चुरचुरणं साधारण आहे. मिनिटभरानंतरही आग होत असेल तर पहिला संशय दाढीवर घ्या: ब्लेड जुनं आहे, किंवा उलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध दिशेनं, फार वेळा फिरला आहे. नवं ब्लेड घालून, फक्त सुलट्या हातानं दाढी करून पुन्हा बघा. तरीही आग होत असेल तर बाटली बदला.

मॉइश्चरायझर लावताना रबर खोडल्यासारख्या पांढऱ्या गोळ्या निघतात, अशी तक्रार कोरफड आणि ग्लिसरीन असलेल्या टोनरबाबत बऱ्याचदा येते. खालचा थर ओला असताना वरचा चोळला की असं होतं. प्रमाण निम्मं करा, थोडं जास्त थांबा, आणि क्रीम चोळण्याऐवजी दाबून लावा.

मानेवर दाढीनंतर दोन दिवसांनी टणक पुटकुळ्या येतात आणि टोकाशी वळलेला केस दिसतो, त्या विच हेझलनं जात नाहीत. कुरळा केस फार खोल कापला गेला की वाढताना पुन्हा त्वचेत शिरतो. सूज आणि लाली थोडी उतरेल, पण कारण तसंच राहील. उलटा हात बंद करा, कातडी ताणून दाढी करू नका, आणि तरी थांबेना तर काही आठवडे ट्रिमरनं मिलिमीटरभर खुंट ठेवा. पुटकुळ्यांत पू झाला, त्या पसरायला लागल्या किंवा गोल खाजरा चट्टा उठला तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तो जंतुसंसर्ग किंवा बुरशी असू शकते, आणि तोवर रेझर दुसऱ्या कुणाला देऊ नका.

छिद्रं कायमची बंद होतील या आशेनं दिवसातून चार-चार वेळा लावणारेही असतात. छिद्रं उघडझाप करत नाहीत. आवळलेली त्वचा काही वेळ गुळगुळीत दिसते, मग पूर्ववत होते. दाढीनंतर एकदा, आणि वाटलंच तर रात्री तोंड धुतल्यावर एकदा, यापलीकडे हाती फक्त कोरडेपणा लागतो.

बाटलीत काही मिसळू नका

विच हेझलमधला मद्यार्क किंवा परिरक्षक त्या बाटलीपुरता मोजून घातलेला असतो. त्यात गुलाबपाणी किंवा साधं पाणी ओतलं की ते प्रमाण उतरतं आणि काही दिवसांत बुरशीला वाट मिळते. कुंडीतल्या कोरफडीचा गर घातलात तर त्याहून लवकर, शिवाय पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक त्वचेला खाजवतो. सुगंधी तेलाचे थेंब १४ टक्के मद्यार्कात विरघळत नाहीत, वर तरंगतात. मग एखाद्या सकाळी तळहातावर निव्वळ तेलच येतं आणि गाल भाजल्यासारखा होतो. पुदिन्याच्या फुलाचंही तेच.

काही मिसळायचंच असेल तर तळहातावर, त्या वेळेपुरतं. अर्धा चमचा विच हेझलमध्ये ग्लिसरीनचे दोन थेंब घातले तर मद्यार्काची बाटलीही पुष्कळ सौम्य होते. तीन-चार थेंबांच्या वर गेलात तर कॉलर चिकटते.

ऋतू आणि ठिकाण

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात चेहरा तसाही कोरडा पडत नाही. तिथे विच हेझलवर हलकं जेल पुरतं. विदर्भ-खानदेशातला मे महिना आणि पुण्या-नाशिकची थंडी, दोन्ही वेळा हवा कोरडी असते. तेव्हा मद्यार्काची बाटली बाजूला ठेवून बिनमद्यार्काची काढा, आणि जेलऐवजी क्रीम लावा. न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्यांना हिवाळ्यात हीटरची हवा याहून जास्त सुकवते. तिथे आठवड्यातून दोन-तीन दाढ्यांनाच विच हेझल वापरणं बऱ्याच जणांना मानवतं.

कुणी टाळावं

चेहऱ्यावर इसब, सोरायसिस किंवा रोझेशिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मुरुमांसाठी रात्री ट्रेटिनॉइन, अॅडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर त्वचा आधीच हळवी असते. मद्यार्काचा प्रकार पूर्ण बंद आणि बिनमद्यार्काचा फक्त सकाळी. उघड्या, ओल्या जखमेवर लावू नये. ही बाटली पोटात घेण्याची नाही, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि मद्यार्काची असेल तर देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून दूर.

गीझरशेजारचं फडताळ सोडून कुठलीही सावलीची, थंड जागा चालते. उघडल्याची तारीख बाटलीवर पेननं लिहा. झाकणाजवळच्या छोट्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असं असेल तर उघडल्यापासून १२ महिने. त्याआधीही द्रव गढूळ झाला, तळाशी तंतू दिसले किंवा झाडपाल्याचा वास जाऊन आंबूस वास यायला लागला, तर कितीही शिल्लक असो, बेसिनमध्ये ओता.